जपानी बीएल कादंबरी वाचायची कशी? लेखिका धरून, पानापानाने

दोन पुरुषांमधली प्रेमकथा, स्त्रियांनी लिहिलेली आणि मुख्यतः स्त्रियांनीच वाचायची, हा ‘बॉइज लव्ह’ किंवा बीएल नावाचा जपानी प्रकार आपल्याकडे बहुतेकांना जपानी चित्रकथांतून, म्हणजे मांगातून, किंवा टीव्ही मालिकेतून भेटतो. कादंबरीकडे फार थोडे वळतात. वर्षानुवर्षं ही पुस्तकं वाचल्यावर माझं ठाम मत झालंय, की या प्रकारातलं सगळ्यात धारदार लेखन कादंबरीत आहे. चित्रात नायकाचा चेहरा दिसतो. कादंबरीत तो स्वतःशी खोटं कसं बोलतोय तेही दिसतं. ज्यांना कादंबरीपर्यंत यायचंय पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. यातली बरीच पुस्तकं उघडपणे प्रौढांसाठी असतात, तेव्हा हे सगळं अठरा वर्षांवरच्या वाचकांना उद्देशून आहे.

आधी थोडी वंशावळ

ती माहीत असली की पुस्तक हातात घेतल्यावर ते कुठल्या काळातलं आहे आणि त्याकडून काय अपेक्षा ठेवायची, ते कळतं.

सुरुवात साधारणपणे मोरी मारी यांच्यापासून मानतात. त्या मोरी ओगाई या मोठ्या साहित्यिकाच्या कन्या. पुरुषांमधल्या प्रेमावरची त्यांची ‘कोइबितोताची नो मोरी’ ही कथा 1961 ची. 1970 च्या दशकात हागिओ मोतो, ताकेमिया केइको यांच्या पिढीने मुलींच्या मासिकांत मुलग्यांमधल्या प्रेमाच्या चित्रकथा आणल्या. त्या कथांत शाळकरी मुलं असत. इतिहास म्हणून त्यांचं महत्त्व मोठं आहे, पण प्रेमकादंबरी म्हणून वाचायला मी शक्यतो प्रौढ नायकांची पुस्तकं सुचवते आणि आज ती भरपूर आहेत.

1978 मध्ये ‘जुने’ या नावाने पुढे गाजलेलं मासिक निघालं आणि 1982 मध्ये त्याचं फक्त गद्याला वाहिलेलं भावंड ‘शोसेत्सु जुने’. कादंबरीचं खरं घर हेच. कुरिमोतो काओरु या लोकप्रिय लेखिका नाकाजिमा आझुसा या नावाने ‘जुने’मध्ये ‘शोसेत्सु दोजो’ म्हणजे कथालेखनाचा आखाडा चालवत. वाचक मुली कथा पाठवायच्या आणि त्या कथांची चिरफाड मासिकातच व्हायची. वाचक उठून लेखिका होते, ही या प्रकाराची रीत तिथे पक्की झाली. आजही जपानी लेखिका वाचकाशी मैत्रिणीसारखी बोलते, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

1990 च्या दशकात मोठे प्रकाशक उतरले, कादोकावाची ‘रुबी बुन्को’ मालिका सुरू झाली आणि ‘बॉइज लव्ह’, म्हणजेच बीएल, हे नाव रुळलं. ‘याओइ’ हा शब्द त्याआधीचा, हौशी प्रकाशनांच्या जगातला. परदेशात तो अजून सर्रास वापरतात. जपानी दुकानात शोधताना मात्र ‘बीएल शोसेत्सु’ असंच शोधा.

एक गफलत आधीच टाळा. आपल्याकडच्या पुस्तकांच्या दुकानांत किंवा ऑनलाइन जाड, देखण्या मुखपृष्ठाच्या बीएल कादंबऱ्या दिसतात, त्यातल्या बहुतेक चिनी असतात. मो शियांग तोंग शिउ हे नाव दिसलं की ते चिनी दानमेइ साहित्य. तेही वाचा, पण त्याची लांबी, पौराणिक पसारा आणि वेग सगळंच वेगळं. जपानी बीएल कादंबरी खिशात मावणारी असते, बहुतेकदा एका खंडात संपते आणि तिचा जीव ऑफिस, भाड्याची खोली, शेवटची लोकल अशा लहान जागांत रमतो.

निवड: जोडी बघून नको, लेखिका बघून

नवा वाचक दोनच गोष्टींवर निवड करतो. एक म्हणजे मुखपृष्ठावरचं चित्र आणि दुसरी म्हणजे जोडीचा प्रकार. ‘सेमे’ म्हणजे पुढाकार घेणारा, ‘उके’ म्हणजे ज्याच्याकडे तो ओढ घेतो तो. जोडी लिहिताना सेमेचं नाव आधी आणि मध्ये गुणाकाराची खूण. त्यापुढे पोटप्रकारांची रांगच आहे: वयाने लहान सेमे, सतत आदरार्थी बोलणारा सेमे, घाबरट सेमे, हट्टी उके आणि असे कितीतरी. ही परिभाषा शिकून घ्या, कारण पुस्तकाच्या वेष्टनपट्टीवर, म्हणजे ‘ओबी’वर, हेच छापलेलं असतं. पण तिच्या भरवशावर पुस्तक घेऊ नका. ‘बॉस आणि हाताखालचा कर्मचारी’ या एकाच साच्यात एखादी लेखिका गोड गोळी देईल, तर दुसरी तुमची झोप उडवेल. चित्र तर लेखिकेने काढलेलंच नसतं.

म्हणून लेखिका धरा. मी ज्यांच्यापासून सुरुवात करायला सांगते, त्या तिघी अशा.

नागिरा यू. 2007 पासून बीएल लिहीत आल्या आणि नंतर सर्वसाधारण साहित्यातही गेल्या. जपानी पुस्तक-विक्रेत्यांच्या मतांवर दिला जाणारा ‘होन्या ताइशो’ पुरस्कार त्यांना 2020 आणि 2023 असा दोनदा मिळाला. ‘उत्सुकुशिइ कारे’ ही त्यांची गाजलेली बीएल मालिका. तिच्यावर 2021 मध्ये टीव्ही मालिका आणि 2023 मध्ये चित्रपट आला. गोष्ट शाळेच्या वर्गात सुरू होते आणि पुढे नायकांच्या तरुणपणात जाते. अडखळत बोलणारा, कॅमेऱ्याच्या आड राहणारा हिरा आणि त्याला देवासारखा वाटणारा कियोइ. मालिका पाहिली असेल तर कथा ठाऊक असते, त्यामुळे भाषेवर लक्ष देता येतं. पहिल्या पुस्तकासाठी ही मोठी सोय आहे. हिराची भक्ती वाचताना हसू येतं आणि लगेच पोटात कालवतं. हे नागिरांचं खास आहे.

कोनोहारा नारिसे. यांच्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकाला जा, पहिल्याला नको. ‘हाको नो नाका’ म्हणजे ‘पेटीच्या आत’. रेल्वेत विनयभंग केल्याचा खोटा आरोप येऊन दोनो हा सरळमार्गी सरकारी कर्मचारी तुरुंगात जातो. तिथे त्याला किटागावा भेटतो, खुनाची शिक्षा भोगणारा आणि आयुष्यात कुणी प्रेमाने वागवलंच नाही असा. कोनोहारा वाचकाला दिलासा द्यायची घाई करत नाहीत. हे पुस्तक मुळात बीएल प्रकाशनातून आलं आणि नंतर कोदान्शाच्या सर्वसाधारण खिसाआवृत्तीत गेलं. बीएलच्या कपाटाबाहेरच्या वाचकांनाही ते हवंसं वाटलं, यातच त्याची ताकद कळते. ज्यांना वाटतं की हा प्रकार म्हणजे नुसती गुलाबी करमणूक, त्यांच्या हातात मी हेच देते.

योशिहारा रिएको. ‘आइ नो कुसाबि’ ही त्यांची विज्ञानकथा 1980 च्या दशकात ‘शोसेत्सु जुने’मध्ये क्रमशः आली. यंत्राच्या ताब्यातलं शहर, वरच्या थरातला इयासोन आणि वस्तीतला रिकि. यात प्रेमापेक्षा मालकी जास्त आहे आणि लेखिकेला ते पुरतं ठाऊक आहे. अभिजात म्हणून वाचायचीच, पण मन घट्ट करून.

सूचना आणि शेरे कसे वाचायचे

‘चिरु चिरु’ या जपानी संकेतस्थळावर जवळजवळ प्रत्येक बीएल पुस्तकाची नोंद असते: सेमे कसा, उके कसा, पार्श्वभूमी कोणती, प्रौढ प्रसंगांचं प्रमाण किती. वाचकांचे शेरे पाच पायऱ्यांत असतात: ‘कामि’ म्हणजे देव, मग दुप्पट ‘मोए’ (मोए म्हणजे जीव जडणं), साधं ‘मोए’, तटस्थ आणि शेवटी ‘माझ्या आवडीचं नाही’. माझा अनुभव असा, की सगळ्यांनी ‘मोए’ दिलेलं पुस्तक बरं निघतं, पण ‘देव’ आणि ‘आवडीचं नाही’ अशी दोन टोकं भरलेली असतील, तर ते पुस्तक हमखास लक्षात राहतं.

आपल्याला काय सोसत नाही, ते आधी ठरवा. जपानी वाचक त्याला ‘जिराइ’ म्हणतात, म्हणजे भूसुरुंग. जबरदस्ती, नात्यातली हिंसा, अल्पवयीन पात्रं, मृत्यू: जे नको असेल ते शेऱ्यांत शोधा आणि दिसलं तर पुस्तक बाजूला ठेवा. त्यात कमीपणा काही नाही.

जुन्या पुस्तकांबद्दल हे विशेष. 1990 च्या दशकातल्या अनेक कादंबऱ्यांत सेमे जबरदस्ती करतो आणि कथा तिलाच प्रेमाची सुरुवात मानते. अकिझुकी को यांची वाद्यवृंदावरची प्रदीर्घ आणि एरवी मायेने लिहिलेली ‘फुजिमी’ मालिकाही अशाच प्रसंगाने सुरू होते. मी ती मालिका आवडीने वाचली, पण तो प्रसंग मला आजही मान्य नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

समलिंगी पुरुषांचं या साहित्याबद्दलचं म्हणणंही ऐकून ठेवा. 1992 मध्ये सातो मासाकी या समलिंगी कार्यकर्त्याने एका छोट्या स्त्रीवादी पत्रिकेत याओइवर सडकून टीका केली: आमचं जगणं तुम्ही स्वतःच्या करमणुकीला वापरता आणि खऱ्या माणसांकडे पाठ फिरवता. त्यावर अनेक वर्षं वाद चालला. पुढे बीएलच्या अभ्यासक मिझोगुची आकिको यांनी 2015 च्या आपल्या पुस्तकात मांडलं, की बीएल बदलत गेलं आणि अनेक नव्या लेखिका घरच्यांना सांगणं, समाजाचा द्वेष, सोबतीने म्हातारं होणं हे सगळं गांभीर्याने लिहू लागल्या. ‘मी समलिंगी नाही, मला फक्त तूच आवडतोस’ हे वाक्य जुन्या पुस्तकांत वरचेवर भेटेल. ते भेटलं की सातोंची टीका आठवा आणि लेखिका त्या वाक्यावर थांबते की त्याच्या पुढे जाते, ते बघा.

पुस्तक मिळवणं

जपानी येत नसेल तर इंग्रजी अनुवाद. डिजिटल मांगा या अमेरिकी प्रकाशनाने ‘जुने’ याच नावाच्या छापाखाली बऱ्याच कादंबऱ्या आणल्या, ‘आइ नो कुसाबि’ही त्यांत. आता त्या बहुतेक जुन्या बाजारातच शोधाव्या लागतात. चोरून टाकलेले अनुवाद वाचू नका. या लेखिकांचं पोट खंडाखंडाच्या विक्रीवर चालतं.

जपानी वाचत असाल तर ई-पुस्तक सगळ्यात सोयीचं. बुकवॉकर हे कादोकावाचं दुकान त्यासाठी चांगलं. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरू करून ठेवा, नाहीतर पैसे भरताना अडकाल. फोनवर जपानी कीबोर्ड घेतला की उच्चाराप्रमाणे टाइप करून योग्य लिपी निवडता येते. घेण्याआधी ‘तामेशियोमि’, म्हणजे फुकट चाळायची पानं, जरूर वाचा. आणि वर्णनात तळाशी बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते बघा: ई-आवृत्तीत चित्रं नाहीत, अशी सूचना बऱ्याचदा तिथेच असते. मालिकेतल्या प्रत्येक खंडाला वेगळं नाव असतं आणि क्रमांक छापलेला असेलच असं नाही. क्रम आधी तपासा. छापील प्रत मागवायची तर डाकखर्च पुस्तकाच्या किमतीवर जातो, म्हणून एकदम चार-पाच मागवा. टोकियोला कुणी जात असेल तर इकेबुकुरोच्या पूर्व भागातल्या ओतोमे रोडचा आणि ॲनिमेट या मांगा-ॲनिमेच्या दुकानाचा पत्ता द्या.

आता प्रत्यक्ष पान

खरी मेहनत इथे आहे आणि खरी मजाही.

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतल्या एन-4 च्या पातळीचं व्याकरण पक्कं असलं की सुरुवात करता येते. त्याच्या वरच्या एन-3 ची वाट बघत बसू नका. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट किंवा टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकणाऱ्यांना हे गणित कळेल. मराठी वाचकाला तर आयता फायदा आहे. क्रियापद शेवटी येणं, नामाला मागून प्रत्यय लागणं, समोरच्याप्रमाणे आदराची पातळी बदलणं, हे सगळं आपल्या अंगवळणी आहे.

अडचण वेगळीच येते. समजा, पानावर असं वाक्य आहे (मीच रचलंय):

‘काएरु नो का, तो इवारेते, फुरिमुकेनाकात्ता.’

काएरु नो का: परत निघालास का? तो इवारेते: असं म्हटलं गेल्यावर. फुरिमुकेनाकात्ता: मागे वळून बघता आलं नाही. कर्ता कुठेही नाही. कोण म्हणालं, कोण वळलं नाही? मराठीत ‘निघालास’ म्हणताक्षणी समोरचा पुरुष आहे आणि तू-च्या नात्यातला आहे, हे उघड झालं असतं. जपानीत दोन पुरुष एका खोलीत आहेत आणि सर्वनाम गायब.

उत्तर ‘इवारेते’मध्ये आहे. ते कर्मणी रूप आहे: ज्याला ऐकावं लागलं, त्याच्या बाजूने वाक्य लिहिलंय. म्हणजे आपण ऐकणाऱ्याच्या मनात आहोत आणि न वळणाराही तोच. अशीच दुसरी खूण ‘कुरेरु’. ‘मात्ते कुरेता’ असं आलं की ‘थांबला’ एवढंच नाही, तर ज्याच्या नजरेने आपण बघतोय त्याच्यासाठी थांबला. उपकाराची दिशा नेहमी त्या नजरेकडे. या दोन खुणा पकडल्या की निम्मा गोंधळ मिटतो.

म्हणून प्रकरण सुरू झालं की आधी नजर कुणाची ते ठरवा आणि पानाच्या कडेला नाव लिहा. बऱ्याच कादंबऱ्या उकेच्या नजरेतून असतात. पुढे कधी अचानक सेमेची नजर येते आणि त्याच प्रसंगाचा अर्थ उलटतो. कोरडा वाटलेला माणूस आतून किती घाबरलेला होता, ते तिथे कळतं.

मग दोघांची एक चिठ्ठी करा. प्रत्येकापुढे लिहायचं: स्वतःला काय म्हणतो (रांगडं ओरे, मवाळ बोकु की औपचारिक वाताशि; तिन्हींचा अर्थ ‘मी’), दुसऱ्याला काय म्हणतो (ओमाए किंवा किमि म्हणजे ‘तू’, आडनावाला आदराचं सान, की नुसतं नाव) आणि वाक्य कसं संपवतो, आदरार्थी ‘देसु-मासु’ लावून की मोकळं. नावांचा उच्चार वर बारीक अक्षरांत बहुधा पहिल्यांदाच देतात, तोही तेव्हाच टिपा, नाहीतर दोनशे पानं नायकाचं नाव चुकीचं वाचाल. ही चिठ्ठी संवादात बोलणारा ओळखायला तर लागतेच, पण तिचा मोठा उपयोग पुढे होतो. अख्खं पुस्तकभर आडनावाने हाक मारणारा एका पानावर पहिल्यांदा नाव घेतो. किंवा कायम ‘वाताशि’ म्हणणारा वरिष्ठ भांडणात ‘ओरे’वर घसरतो. लेखिका तिथे एकही विशेषण वापरत नाही. अहो-जाहोतून अरे-तुरेवर येण्याचं वजन ज्या भाषेत रोज जाणवतं, त्या भाषेच्या वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. फक्त नजर तिथे हवी.

शब्दकोशाचा मोह आवरा. पहिल्या वाचनात पानामागे चार-पाच शब्दच शोधा, तेही जे पुन्हा येतायत. संगणकावर वाचत असाल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने गुगल लेन्स धरा, अक्षरं उचलली जातात. ‘शोसेत्सुका नि नारो’सारख्या फुकट कथास्थळांवर मजकूर ब्राउझरमध्येच असतो, तिथे ‘योमितान’ हे साधन शब्दावर नेम धरला की अर्थ दाखवतं. सरावाला ते उत्तम. अनुकरणवाचक शब्द सोडू नका: ‘दोकि-दोकि’ म्हणजे छातीची धडधड, ‘इरा-इरा’ म्हणजे चिडचिड. आपल्याकडे धडधड, घालमेल, तगमग यांची रेलचेल आहे, म्हणून ते पटकन बसतात.

रोज दोन-तीन पानं, पण रोज. प्रणयप्रसंगांची शब्दसंपत्ती वेगळीच असते आणि अलंकारांनी भरलेली. पहिल्यांदा अडलं तर वरवर वाचून पुढे जा, पण त्यातले संवाद मात्र वाचा. चांगली लेखिका कथेची गाठ अनेकदा तिथल्या एखाद्या न बोललेल्या वाक्यात सोडते.

पहिलं पुस्तक संपलं की लगेच त्याच लेखिकेचं दुसरं घ्या. प्रत्येकीचे शब्द ठरलेले, वाक्यांची लय ठरलेली, पात्रांना गप्प करण्याची पद्धतही ठरलेली. दुसरं पुस्तक पहिल्यापेक्षा खूपच सोपं जातं आणि तिसऱ्यापर्यंत तिचं काय दुखतंय ते कळू लागतं. साच्यामागे धावणाऱ्या वाचकाला प्रत्येक पुस्तक नव्याने शिकावं लागतं.

शेवटची पानं

कथा संपली म्हणून पुस्तक मिटू नका. पुढे ‘आतोगाकि’ असतं, लेखिकेचं मनोगत. हे पात्र कसं सुचलं, संपादिकेने काय बदलायला लावलं, चित्रकर्तीचे आभार. भाषा सोपी, गप्पांची; जपानीच्या सरावाला यासारखा उतारा नाही.

त्याच्या आसपास बहुतेक बीएल खिसापुस्तकांत एक पत्ता छापलेला असतो: वाचकांनी पत्र पाठवायचं ते प्रकाशनाच्या संपादन विभागाकडे, लेखिकेच्या नावाने. या पत्राला भारी जपानी लागत नाही. लेखिकेच्या नावापुढे ‘सेन्सेइ’, पुस्तकाचं नाव, कुठलं पान पुन्हा वाचलं आणि का, अशा सहा-सात ओळी पुरतात. तुम्ही कुठून लिहिताय तेही लिहा. आपलं पुस्तक पुण्यात किंवा मडगावात कुणीतरी शब्द लावून लावून वाचलं, हे तिला एरवी कळायला मार्ग नाही. उत्तराची अपेक्षा ठेवू नका. पाकिटावर पोस्टाचा क्रमांक बिनचूक उतरवा आणि पत्र हाताने लिहा.